सूचनावाचन : इयत्ता पहिली
(वऱ्हाडात नव्याने राहायला आलेल्यांसाठी)

बदलीचा आदेश हातात पडला, सामान ट्रकात चढलं, अमरावतीत किंवा अकोल्यात भाड्याचं घर मिळालं, इथपर्यंतचं काम कोणालाही जमतं. अभ्यास त्यानंतर सुरू होतो. पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर, घंटागाडीच्या भोंग्यावर आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर सूचना यायला लागतात. पुण्या-मुंबईकडून आलेला माणूस सुरुवातीला त्या शब्दशः खऱ्या मानतो. मग दोनचारदा फसतो आणि वाचायचंच सोडून देतो. दोन्ही पद्धती घातक आहेत. सूचना वाचायची असते, फक्त नीट वाचायची असते. त्यासाठी हा अभ्यासक्रम.

मूलभूत नियम एकच. प्रत्येक सरकारी सूचनेत दोन मजकूर असतात : एक तुमच्यासाठी, एक फायलीसाठी. फायलीसाठीचा मोठा असतो आणि आधी येतो. उद्या काही झालंच तर 'आम्ही कळवलं होतं' हे त्याने सिद्ध होतं. तुमच्यासाठीचा मजकूर बहुधा शेवटून दुसऱ्या ओळीत असतो. कधी नसतोही. नसेल तेव्हा तो कोणाकडे मिळेल, हे शिकणं म्हणजेच इयत्ता पहिली पास होणं.

साहित्य

दोनशे लिटरचा निळा ड्रम, झाकणासह. एक मोठा सुती रुमाल. मोबाईल, त्यात निदान तीन ग्रुप : गल्लीचा, मुलांच्या शाळेचा आणि ॲडमिन कोण हे कोणालाच ठाऊक नाही असा एक. शेवटचं आणि सर्वांत महत्त्वाचं : शेजारच्या काकू. त्या बाजारात मिळत नाहीत. राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी विरजण मागायला जाऊन ओळख करून घ्यावी.

धडा १ : रंग ओळखा

हवामान खात्याचं नागपूरचं प्रादेशिक केंद्र विदर्भातल्या प्रत्येक जिल्ह्याला रोज एक रंग देतं. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे कृती करा. कोणती कृती, ते सांगायला रंगात जागा नसते.

पावसाचीही प्रतवारी आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून पुढे अतिमुसळधार. त्याच्या जोडीला ठिकाणांची प्रतवारी असते आणि नवखा माणूस घसरतो तो इथेच. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या फार तर चौथा हिस्सा नोंद-केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे अर्ध्यापर्यंत. 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे तीन चतुर्थांशांच्या वर. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हा अंदाज आला आणि अमरावतीच्या बडनेऱ्यात गुडघाभर पाणी साचलं, तर अंदाज बरोबर. त्याच वेळी राजापेठेत काकूंनी गच्चीवर वाळवण घातलं, तरीही अंदाज बरोबर. दोष खात्याचा नाही. तुम्ही तुरळक आहात की नाही, हे तुम्हालाच ठरवायचं असतं.

दुसरी गोष्ट, रंग जिल्ह्याला मिळतो. अमरावती जिल्ह्यात चिखलदरा आहे, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरवर, ढगात डोकं घालून बसलेलं. आणि दर्यापूरही आहे, काळ्या मातीचं सपाट, जिथे पाणी एकदा आलं की जायचं नाव घेत नाही. दोघांना एकाच दिवशी एकच रंग. म्हणून रंग पाहून झाल्यावर लगेच आपला नाला पाहावा. अमरावतीत अंबानाला, अकोल्यात मोर्णा नदी. २०२१ च्या जुलैत अकोल्यात एका रात्रीत २०० मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. मोर्णेच्या काठावरच्या लोकांना रंगापेक्षा पाण्याची उंची आधी कळली.

काकूंचं या विषयावरचं मार्गदर्शन थोडक्यात असं : "पिवया म्हंजे काई नाई. नारिंगी म्हंजे कपडे आत घ्या. लाल झाला की शायेला सुट्टी हाय का ते पाहा."

यातलं शेवटचं कलम जरा अवघड आहे. सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात. खरं पत्र बहुधा मुलांनी दप्तर भरल्यानंतर येतं. खोटं पत्र आदल्या संध्याकाळीच येतं आणि ते जास्त सुबक असतं. ओळखण्याची खूण : पत्रातली तारीख नीट वाचा. गेल्या वर्षीची असते.

धडा २ : ऊन

इतर महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भात जवळजवळ जून संपताना. यावरून धड्याचं गांभीर्य लक्षात यावं.

आधी शास्त्र. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढलं, किंवा सरळ ४५ ला टेकलं, तरच हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं. अकोल्याची मे महिन्याची सरासरीच ४२ च्या आसपास. म्हणजे ४४ अंश तापमान असेल, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असेल आणि कूलरमधून गरम वारा येत असेल, तर ती लाट नव्हे. तो मे महिना.

लाट आली की काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण मे २०२४ चं. पारा ४५ च्या पुढे गेला आणि अकोल्यात महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू झालं. बाहेरगावच्या नातेवाइकांनी घाबरून फोन केले : दंगल झाली का? झालं एवढंच होतं की ऊन आलं होतं. आदेशात कामाच्या ठिकाणी मजुरांना पिण्याचं पाणी आणि पंखे द्यावेत, खासगी शिकवणी वर्ग भर दुपारी भरवू नयेत, असं होतं. जमावबंदीसाठी इंग्रजांनी आणलेलं कलम उन्हासाठी वापरावं लागलं. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण नीट पाहिलं तर या अभ्यासक्रमातली ही सर्वांत चांगली सूचना. कोणी, कोणाला, कुठल्या वेळेत, काय द्यायचं, सगळं तिच्यात आहे. 'नागरिकांनी उन्हात जाणे टाळावे' या नेहमीच्या वाक्यात तेच नसतं. उन्हात जाणं टाळता येणारा नागरिक ते वाचतो. ज्याला टाळता येत नाही, तो त्या वेळी स्लॅबवर असतो.

प्रात्यक्षिक : रुमाल डोक्याला असा गुंडाळावा की फक्त डोळे दिसतील. ओळखीचे लोक ओळखणार नाहीत. तेही तसेच गुंडाळलेले असतील.

धडा ३ : नळ

अकोल्याचं पाणी येतं महान गावच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीचं अप्पर वर्धातून. दोन्ही धरणं शहरापासून लांब, आणि मधे आहे जलवाहिनी. या धड्याची नायिका तीच.

पुढील शब्दार्थ पाठ करावेत.

'तांत्रिक बिघाड' : पाइप फुटला.
'अपरिहार्य कारणास्तव' : तोच पाइप, थोडा पुढे.
'युद्धपातळीवर काम सुरू' : खड्डा खणून झाला आहे.
'कमी दाबाने' : तळमजल्याला येईल. वरच्या मजल्यांनी तळमजल्याशी सलोखा ठेवावा.
'नागरिकांनी सहकार्य करावे' : तारीख आम्हालाही माहीत नाही.

हे पाठ झालं तरी नळाला पाणी कधी येणार, ते कळणार नाही. ते एकाच माणसाला माहीत असतं : वॉलमन. कागदावर त्याचं पद काहीही असो, गल्ली त्याला वॉलमनच म्हणते. त्याच्याकडे छातीएवढी उंच लोखंडी चावी असते, तिच्या वरच्या टोकाला आडवा दांडा. कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण तो पायाने सरकवतो, चावी खाली सोडतो, व्हॉल्व्हच्या माथ्यावर ती बसली की नाही ते मनगटाने चाचपतो आणि आडव्या दांड्यावर अंग टाकून फेरे मोजत जातो. किती फेरे कुठल्या गल्लीला, हे कुठेच लिहिलेलं नाही. अर्धा फेरा कमी पडला की वरची आळी कोरडी. चावी बाहेर काढताना तो नुसतं म्हणतो, "सोडलं." त्या एका शब्दावर पन्नास मोटारी सुरू होतात. परिपत्रकाने एवढी हालचाल झालेली कोणी पाहिलेली नाही.

वॉलमनला कधीही घाई करू नये. "भाऊ, आज येईन का पानी?" असं विचारावं. तो म्हणेल, "येईन त येईन, नाई त उद्या." हे उत्तर प्रामाणिक आहे.

आता हसू बाजूला ठेवून एक परिच्छेद. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या जमिनीखालचं पाणी खारं. विहीर खणा, बोअर मारा, हाती येतं ते पिण्याजोगं नसतं. म्हणूनच सातपुड्याच्या पायथ्याशी वारीला असलेल्या वान धरणातून ८४ गावांसाठी पाइपने पाणी न्यावं लागलं. शहरात नळाची सूचना म्हणजे गैरसोय. खारपाणपट्ट्यात नळ हाच गोड पाण्याचा रस्ता, त्यामुळे 'अपरिहार्य कारणास्तव' हे शब्द तिथे वेगळ्या आवाजात वाचले जातात.

धडा ४ : दरवाजे

पाणी नाही या सूचनेनंतर तीन महिन्यांनी पाणी फार झालं ही सूचना येते. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ अप्पर वर्धा धरण आहे, म्हणजे नल-दमयंती सागर. त्याला १३ दरवाजे आहेत. पावसाळ्यात सूचना येते ती अशा थाटाची : इतके दरवाजे इतक्या सेंटिमीटरने उघडले, इतका साठा इतके दलघमी, विसर्ग इतके घनमीटर प्रति सेकंद, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.

अभ्यासकाने घाबरू नये. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक घनमीटर प्रति सेकंद म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. गणित सुटेल. सुटणार नाही तो प्रश्न तिवसा तालुक्यातल्या काठावरच्या शेतकऱ्याचा असतो : "माही मोटर बुडीन का?" त्याला दलघमी नको आहे. त्याला त्याच्या वावराच्या कडेचं बाभळीचं झाड आणि घड्याळातली वेळ हवी आहे. पाणी कोणत्या झाडापर्यंत येणार आणि किती वाजता.

हे भाषांतर गावात कोतवाल करतो. तहसीलमधून तलाठ्याला, तलाठ्याकडून कोतवालाला निरोप येतो आणि कोतवाल दवंडी देतो, हल्ली मंदिराच्या भोंग्यावरून. कागदावरची चार वाक्यं त्याच्या तोंडून एकच होऊन निघतात : "नदीकडच्या मोटरा काढून घ्या हो, रात्री पानी वाढते." सगळं गाव उठतं.

शहरातल्या अभ्यासकांसाठी टीप : दरवाजे उघडल्याची सूचना लोक सहलीचं निमंत्रण म्हणून वाचतात. सहकुटुंब जातात, मक्याची कणसं खातात, फोटो काढतात. 'धरण परिसरात गर्दी करू नये' हे वाक्य सूचनेत असलं की समजावं, गर्दी झालेली आहे.

धडा ५ : बेट

वऱ्हाडाला समुद्र नाही, पण बेटं आहेत. ती पावसाळ्यात तयार होतात.

अकोल्याहून अकोटला जाताना गांधीग्रामला पूर्णेवर इंग्रजांच्या काळातला पूल होता. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याला तडा गेल्याचं दिसलं आणि वाहतूक बंद झाली. एका पुलाच्या बंदीने अकोटचा माणूस अकोल्यापासून एकदम लांब गेला, वळसे घालू लागला. पुढच्याच महिन्यात अकोला-अकोट रेल्वे सुरू झाली म्हणून निभावलं. 'पर्यायी मार्गाचा अवलंब करावा' ही सूचना वाचताना पर्यायी मार्ग किती किलोमीटरचा आहे, हे नेहमी स्वतः पाहावं. ते सूचनेत नसतं.

पण बेटांचा खरा धडा अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात. परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करत धारणीला जा. जिल्ह्याचं मुख्यालय तिथून दीडशे किलोमीटरच्या आसपास मागे राहतं. मधे सिपना, गडगा या नद्या आणि शेकडो नाले. मुख्य रस्त्यावर पूल आहेत, आतल्या कितीतरी गावांना आजही रपटाच, म्हणजे ओढ्यातला बुटका पूल. वरच्या डोंगरात दोन तास पाऊस झाला की रपट्यावरून पाणी जातं, एसटी तिथूनच वळते आणि पलीकडचं कोरकू गाव पाणी उतरेपर्यंत बेट होतं. हरिसाल २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. त्याच तालुक्यात मोबाईलची रेंज घ्यायला टेकडीवर चढावं लागणारी गावं आहेत. म्हणजे अतिवृष्टीचा इशारा मिळवायचा तर त्याच अतिवृष्टीत टेकडी चढायची. आणि इशाऱ्यात पहिलीच ओळ : विजा चमकताना उंच जागी थांबू नये, मोबाईल वापरू नये.

तरी मेळघाटातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. इथे सूचनेवर विसंबून राहत नाहीत, पाऊस येण्याआधी कामं उरकतात. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावांत नवसंजीवनी योजनेखाली रेशनचं धान्य आधीच पोचवायचं असतं. आशाताईच्या वहीत गरोदर बायांची यादी असते. नाव, महिना आणि बाळंतपणाची अंदाजे तारीख. जुलै-ऑगस्टची तारीख असेल आणि गाव रपट्यापलीकडचं असेल, तर त्या नावासमोर ती खूण करते. मग घरी जाऊन सासूला समजावायचं, नवऱ्याला समजावायचं, वावरातली कामं सोडून बाईला आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात नेऊन ठेवायचं. कधी ऐकतात, कधी नाही. त्या वहीला जावक क्रमांक नाही, रंग नाही, पण हवामानाचा अंदाज माणसापर्यंत नेणारा तेवढा नेमका कागद जिल्ह्यात दुसरा नसेल.

धडा ६ : भाकीत

सूचनांना स्पर्धा आहे, हेही माहीत असावं. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट, त्यावर पापड, कुरडई, वडा, भोवती धान्यं, चार महिन्यांच्या पावसाची चार ढेकळं, राजासाठी विड्याचं पान-सुपारी. रात्रभर सगळं उघड्यावर आणि पहाटे वाचन : पाऊस कसा, कपाशी कशी, राजाची गादी कशी. शास्त्राचा आधार नाही म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी सांगतात. लोक दरवर्षी दोन्ही ऐकतात.

दुसरीकडे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी एकच सल्ला देतं : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो बरोबर असतो. पण भेंडवळ एका दमात आख्खं वर्ष सांगते आणि विद्यापीठ थांबायला सांगतं. शेजाऱ्याच्या वावरात तिफण चालू झाल्यावर धुऱ्यावर उभं राहून थांबणं, ही जगातली सर्वांत अवघड सूचना आहे.

धडा ७ : नुकसान

पाऊस पडून गेल्यावरच्या सूचना सर्वांत कडक असतात, कारण आता पाळायच्या त्या तुम्ही.

अतिवृष्टी ठरायला महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला जावा लागतो. पाऊस मोजणारं यंत्र मंडळात एखादंच. म्हणजे तुमच्या तुरीवर ढगफुटी झाली पण यंत्राच्या गावाला ६१ मिलिमीटरच पडला, तर तुमच्याकडे अतिवृष्टी झालेली नाही. मग वावरातल्या पाण्याचं काय, हे पाण्याला विचारावं. मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं. विमा असेल तर २०२४ पर्यंत ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, आणि त्या ७२ तासांत वीज गेलेली, डीपी जळालेली, फोनची बॅटरी संपलेली, रस्त्यावर पाणी. त्यानंतर पंचनामा, त्यानंतर पैसेवारी, म्हणजे पीक किती हाती आलं त्याचा सरकारी अंदाज : सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. वर्ष कसं गेलं, हे वर्षाच्या शेवटच्या दिवशी अधिकृतपणे कळतं.

या धड्यात युक्ती एकच : तारीख दिसेल असा फोटो काढून ठेवा आणि फोन चार्ज असताना कळवा. बाकी सगळं नशिबाचं, राजेहो.

स्वाध्याय

१. 'तुरळक ठिकाणी कमी दाबाने पाणीपुरवठा टप्प्याटप्प्याने सुरळीत होईल.' या वाक्यातून माहिती वेगळी काढा. (गुण ०. माहिती नाही.)

२. जोड्या लावा : वॉलमन, कोतवाल, आशाताई, एसटीचा कंडक्टर, व्हॉल्व्ह, नदी, रपट्यापलीकडची बाई, रस्ता. यांपैकी कोणाची सही सूचनेखाली असते? (उत्तर : कोणाचीच नाही.)

३. तुमच्या गल्लीसाठी पुराची सूचना स्वतः लिहा. शब्दमर्यादा पंधरा.

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक नवखे 'सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की' अशी सुरुवात करतात आणि तिथेच सहा शब्द घालवतात. एक उत्तर नमुन्यादाखल देतो. वीज नसलेल्या संध्याकाळी नाल्याकाठच्या एका वस्तीत शाळकरी मुलाने खडूने भिंतीवर लिहिलेलं : 'पाणी पायरीला लागलं. आजीला अन् म्हशीले आताच शाळेत न्या. चावी गुरुजीकडं.'

कोण, कुठे, कधी, चावी कोणाकडे. शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.